गाडी खाली घ्यायची म्हणजे नक्की काय कमी करायचं? लोअरिंग स्प्रिंग, शॉकअप आणि आपले रस्ते

टायरच्या हवेवरचा भाग झाल्यापासून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: “दादा, गाडी खाली घ्यायचीय, लोअरिंग स्प्रिंग कुठल्या टाकू?” कुणाची स्विफ्ट, कुणाची आय-ट्वेंटी, कुणाची पोलो, आणि एका भावाची चक्क अल्टो. म्हणून हा अख्खा भाग त्याच्यावर. बोलताना काही आकडे घाईत गेले होते, ते इथं लिहिताना सावकाश मांडलेत. बाकी जसं बोललो तसंच.

एक आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. पोटासाठी कोड लिहितो. बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं ती शिदोरी, आणि गाड्यांचा नाद, एवढंच भांडवल. पण या विषयाची बाराखडी इतकी सोपी आहे की स्प्रिंगची जाहिरात बघण्याआधी ती प्रत्येकाला यावी. आणि आमच्या घरात हा प्रश्न सध्या नुसता गप्पांचा नाही. माझ्या मावसभावाची २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, सत्तर हजार किलोमीटर झालेली. पठ्ठ्यानं तीस हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत, स्प्रिंगसाठी. तो राहतो राधानगरी रोडला, भोगावती कारखान्याच्या बाजूला. गाडी रोज कोल्हापूरला ये-जा करते, रविवारी घरच्यांना घेऊन फिरते, आणि मागच्या सीटवर माझी मावशी बसते, जिच्या पाठीचं दुखणं जुनं आहे. तर उत्तर देताना मला हे सगळं धरून द्यावं लागलं.

सुरुवात स्प्रिंगपासून करू. समजा पुढच्या एका चाकावर, चाकाचं स्वतःचं वजन सोडून, २५० किलो भार येतोय. आणि स्प्रिंग अशी आहे की दर २ किलोला १ मिलिमीटर दबते. म्हणजे गाडी नुसती उभी असताना ती १२५ मिमी दबलेली आहे. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण छोट्या हॅचबॅकच्या आसपासचेच आहेत. या १२५ वरून गाडी सेकंदाला किती वेळा डोलेल ते निघतं. १५.८ ला या मिलिमीटरच्या वर्गमूळानं भागायचं. १२५ चं वर्गमूळ ११.२, म्हणजे उत्तर साधारण १.४. सेकंदाला एक ते दीड डोल या पट्ट्यात माणसाला बरं वाटतं आणि रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्या तिथंच बसवलेल्या असतात. स्प्रिंग कडक केली की हा आकडा वर चढतो. दोनच्या पुढं गेलात की प्रत्येक खड्डा मणक्याला नाव सांगून जातो.

लोअरिंग स्प्रिंग दोन गोष्टी करते. ती लांबीला कमी असते, म्हणून गाडी खाली बसते. आणि मूळ स्प्रिंगपेक्षा थोडी कडक असते, म्हणजे खाली बसलेली गाडी लगेच आपटू नये. आयबाख, एच अँड आर, कोब्रा अशी जी नावं आपल्याकडं ऐकायला मिळतात, त्यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठीच्या स्प्रिंग साधारण याच पद्धतीच्या. प्रश्न असा आहे की “थोडी कडक” ही पुरेशी कडक असते का?

इथं नीट लक्ष द्या, कारण सगळा मामला इथंच आहे.

गाडी उभी असते तिथून चाकाला वर जायला जी जागा असते, ती संपली की बंप स्टॉप येतो. बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसवलेला फोमचा किंवा रबराचा तुकडा. ही वरची जागा म्हणजे तुमच्या गाडीचं बँक बॅलन्स. खड्डा, स्पीडब्रेकर, डांबराची कड, प्रत्येक जण त्यातून काढून नेतो. समजा ही जागा ८० मिमी आहे. गाडी ३० मिमी खाली घेतली की उरते ५०. आता दणका जिरवण्याची स्प्रिंगची ताकद जागेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ८० चा वर्ग ६,४००, ५० चा वर्ग २,५००. म्हणजे पूर्वीइतकाच दणका जिरवायचा असेल तर स्प्रिंग अडीच पटीहून जास्त कडक पाहिजे. बाजारातली लोअरिंग स्प्रिंग समजा पंचवीस टक्के कडक आहे. हिशेब केला तर बंप स्टॉपला टेकायच्या आधी ती मूळ स्प्रिंगच्या निम्मासुद्धा दणका जिरवत नाही. उरलेला कोण घेतं? आधी फोमचा तुकडा, मग स्ट्रटचं माउंटिंग, मग बॉडी, मग मावशीची पाठ.

बरं, अडीच पट कडक स्प्रिंग का नाही टाकत कुणी? टाकतात की. ट्रॅकवरच्या गाड्यांना टाकतात. पण तिथं रस्ता आरशासारखा असतो आणि कमरेला पाच पट्ट्या बांधून बसलेला एकच माणूस असतो. आपल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं कार्ट जवळून बघा. कार्टला सस्पेन्शनच नसतं. शून्य. चौकट थोडी वाकते तेवढीच काय ती लवचीकता. तरी वळणात कसली चिकटून जाते! कारण ट्रॅक सपाट आहे, वजन कमी आहे आणि जमिनीपासून उंची बोटभर आहे. याउलट खडकाळ मातीवर पळणाऱ्या रॅलीच्या गाड्या बघा. त्या वर उचललेल्या असतात, चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा दिलेली असते. कारण रस्ता खराब असताना वेग टिकवायचा तर चाक जमिनीला टेकलेलं राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी जागा लागते. आता तुम्हीच सांगा, राधानगरी रोड पावसाळ्यानंतर कार्ट ट्रॅकच्या जवळ जातो का रॅलीच्या?

“पण दादा, खाली घेतली की वळणात गाडी बसून जाते ना?” हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असल्यामुळंच जास्त फसवतं. हिशेब करू. माणसांसकट गाडी ११०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंटीमीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर. गुरुत्वाच्या निम्म्या जोराचं वळण, म्हणजे बऱ्यापैकी कडक, पोटात गोळा येईल असं. त्यात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं ते साधारण १९४ किलो. आता गाडी ३० मिमी खाली घ्या. तेच वजन होतं १८३ किलो. फरक ११ किलोचा. डिकीत पडलेल्या जुन्या बॅटरीएवढा. एवढ्यासाठी आपण वरची जागा ८० वरून ५० वर आणली.

मग गाडी वळणात कमी कलल्यासारखी वाटते ती कशामुळं? मुख्यतः कडकपणामुळं. आणि उंचीचा जो थोडा फायदा असतो, त्यातलाही काही भाग पुढच्या बाजूला हातचा जातो. आपल्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरची ही कल्पना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. यात खाली एकच आडवा आर्म असतो. गाडी वळणात ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू या आर्मच्या तिरकसपणावर ठरतो. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, तिरकसपणा बदलतो, आणि हा बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली सरकतो. परिणाम असा की वजन आणि त्या बिंदूमधलं अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, उलट वाढते. रेसवाले त्यासाठी आर्मची जोडणीच बदलतात. नुसती स्प्रिंग टाकणारा माणूस ते करत नाही, आणि त्यानं करूही नये.

दिसण्याचं म्हणाल तर तो मुद्दा मी उडवून लावणार नाही. चाक आणि मडगार्डमधली ती चार बोटांची फट खुपते, मलाही खुपते. गाडी बसवलेली असली की भारीच दिसते, नाद खुळा. दिसण्यासाठी पैसे घालवणं हा ज्याचा त्याचा हक्क. फक्त “दिसायला घेतोय” असं स्वतःशी सरळ बोलावं, “कंट्रोल वाढतो” असं म्हणू नये.

आता शॉकअप. गॅरेजमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दमात बोलतात, पण दोघांची कामं वेगळी. स्प्रिंग दणका साठवते, शॉकअप तो तेलात जिरवून उष्णता करून टाकतो. शॉकअप नसता तर गाडी एका स्पीडब्रेकरनंतर पुढच्या चौकापर्यंत डोलत राहिली असती. स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला आवरायला शॉकअपही जोरदार लागतो. पंचवीस टक्के कडक स्प्रिंग जुन्याच शॉकअपवर बसवली तर त्याची पकड तुलनेनं दहा टक्क्यांच्या आसपास ढिली पडते. हे नवीन शॉकअपचं झालं. सत्तर हजार किलोमीटर झालेल्याची पकड आधीच कमी झालेली असते, आणि ती इतकी हळूहळू कमी होते की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. बॉनेट दाबून सोडायची परीक्षा सगळे करतात. गाडी दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला हे नक्की. पण एका डोलात थांबली म्हणजे तो ठणठणीत आहे असं मात्र नाही, कारण हातानं दाबण्याचा वेग आणि खड्ड्यात चाक उडण्याचा वेग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मावसभावाला मी म्हटलं, आधी मोजू, मग पैसे घालू. मोजायला लागते एक प्लॅस्टिकची केबल टाय, पाच रुपयांची. शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवून घ्यायचं, चकचकीत दांड्याला केबल टाय बांधायची आणि खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवायची. नळी वर गेली की ती टायला वर ढकलते, आणि टाय तिथंच अडकून राहते. कोडच्या भाषेत सांगायचं तर कमाल किंमत लक्षात ठेवणारा व्हेरिएबल. आम्ही एक पुढं, एक मागं बांधली. कव्हर सरकवायला आणि मागच्या बाजूला हात पोचवायला गॅरेजवाल्याची मदत घ्या, स्वतः जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

आठवडाभर तो एकटा गेला-आला. पुढची टाय बंप स्टॉपच्या दोन बोटं खाली थांबलेली. मग रविवारी पाच माणसं, डिकीत पिशव्या, जोतिबाला जाऊन आले. मागची टाय बंप स्टॉपपर्यंत भिडलेली. आता, बंप स्टॉपला टेकणं म्हणजे बिघाड नव्हे. हल्लीच्या गाड्यांत तो फोम हळूहळू दबेल असाच केलेला असतो, कधीमधी टेकणं धरलेलंच असतं. पण याचा अर्थ कंपनीच्याच उंचीवर, कंपनीच्याच स्प्रिंगवर, एका साध्या रविवारी या गाडीची मागची सगळी जागा वापरली गेली होती. तीस मिलिमीटर कुठून आणायचे?

हे फक्त आरामाचं असतं तर मी इतका हटून बसलो नसतो. काळजी आहे ती वळणाची. गगनबावड्याकडं जाताना पावसात एखाद्या वळणावर गाडी आधीच बाहेरच्या चाकावर कललेली असते, तिकडची स्प्रिंग दबलेली असते, आणि नेमका तिथंच डांबर खचल्याचा खळगा येतो. जागा शिल्लक असेल तर चाक वर जाऊन खाली येतं, संपला विषय. जागा नसेल तर चाक बंप स्टॉपवर आदळतं आणि त्या क्षणी तो कोपरा स्प्रिंगवर राहत नाही, ठोकळ्यावर उभा राहतो. टायरवरचा भार एकदम उसळतो आणि पुढच्याच क्षणी उडून जातो. ओल्या रस्त्यावर पकड सुटायला तेवढं पुरतं. आणि मागचं चाक असेल तर गाडीची शेपूट फिरते. बाहेरच्या बाजूला काय असतं ते घाटात गेलेल्या माणसाला सांगायला नको.

स्पीडब्रेकरचं गणित मला स्वतःला फार आवडलं, म्हणून जरा थांबतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमात गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब सांगितलाय, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ताशी २५ किलोमीटरनं तो आरामात ओलांडता यावा हा हेतू. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे. अशा उंचवट्यावर गाडी मधोमध असताना तिच्या पोटाखाली फक्त ४४ मिमी इतकाच फुगवटा येतो. कंपनी रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी सांगते. पाच माणसांनी ४० दबली, लोअरिंगचे ३० गेले, तरी ९३ उरले. ४४ च्या उंचवट्यावरून आरामात. म्हणजे नियमातला स्पीडब्रेकर बसवलेल्या गाडीचा शत्रू नाहीच. पण गावाच्या वेशीवर एका रात्रीत कुणीतरी डांबर ओतून केलेला, अर्धा मीटर रुंद आणि वीतभर उंच वरवंटा असतो ना, तो दोन चाकांच्या मध्ये अख्खाच्या अख्खा येतो. तिथं मूळ उंचीची भरलेली गाडीसुद्धा घासते. आणि कारखाने सुरू झाले की ट्रॉलीतून पडलेला ऊस, ट्रॉल्यांनी दाबून रस्त्याच्या मधे उठवलेली डांबराची वरंबा, हे वेगळंच.

मग तीस हजारांचं काय केलं? आधी टायर बघितले. चार वर्षांचे, रबर कडक झालेलं. रस्त्याला टेकणारी वस्तू तीच, त्यामुळं चांगल्या टायरइतका फरक दुसरं काहीच पाडत नाही. कंपनीनं दिलेल्या मापाचेच, पण चांगल्या पकडीचे घेतले. मग चारही शॉकअप नवीन, कंपनीच्या दर्जाचे, पुढची स्ट्रट माउंटिंग आणि बंप स्टॉपसकट. लोअर आर्मचे बुश फाटलेले होते, ते बदलले. स्टॅबिलायझरच्या लिंक वाजत होत्या, त्याही. मग अलाइनमेंट. पैसे थोडे जास्तच गेले, ते त्यानं पुढच्या पगारातून घातले. गाडी एक मिलिमीटरही खाली आली नाही. पण शिरोलीच्या बाजूनं हायवेला लागल्यावर ताशी ऐंशीला स्टिअरिंग हातात जी मधोमध ढिली वाटायची, ती गेली. लेन बदलताना मागची बाजू एक ठेका उशिरा यायची, तीही गेली. “ही माझीच गाडी हाय का?” असं तो म्हणाला. त्याला जो कंट्रोल लोअरिंग स्प्रिंगमधून पाहिजे होता, त्यातला बराचसा जुन्या रबरात आणि दमलेल्या तेलात अडकला होता.

बुशवरून एक गोष्ट सांगतो, ती फुकट आहे आणि बऱ्याच ठिकाणी पाळली जात नाही. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी जॅकवर टांगलेली असताना आवळले तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत घट्ट धरलं जातं, आणि गाडी खाली टेकल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं. मग सहा महिन्यांत फाटतं आणि दोष पार्टला दिला जातो. काम करून घेताना तिथं उभं राहून एवढं बघा. लोअरिंग स्प्रिंग टाकतानाही हेच लागू, उलट जास्तच, कारण उभ्या गाडीची उंचीच बदललेली असते.

एवढं ऐकूनही कुणाला स्प्रिंग टाकायच्याच असतील तर माझं मत असं. वीस-पंचवीस मिमीच्या पुढं जाऊ नका. त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या घ्या. डिझेल स्विफ्टचं नाक पेट्रोलपेक्षा जड, तिची स्प्रिंग वेगळी. स्प्रिंग किती कडक आहे हा आकडा विक्रेत्याला विचारा. नुसतं “चाळीस एमएम ड्रॉप” सांगणारा आणि कडकपणा न सांगणारा माणूस तुम्हाला निम्मीच माहिती विकतोय. त्या उंचीला जुळणारे शॉकअप आणि आखूड बंप स्टॉप सोबत घ्या. पुढं-मागं पूर्ण सेटच टाका. यामागं जुनं शास्त्र आहे. मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये गेला, आणि त्यानं दाखवून दिलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जलद डोलणारी ठेवली तर गाडी सपाट चालते. कारण खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो आणि मागचं उशिरा सुरू होतं. मागची जरा जलद असली की ती पुढच्याला गाठते आणि दोन्ही एकत्र वर-खाली होतात. फक्त पुढच्याच कडक केल्या की हा ताल मोडतो आणि गाडी होडीसारखी नाक-शेपूट हलवत जाते. अलाइनमेंट लगेच करा आणि काही शे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्या की पुन्हा करा. मागं टॉर्शन बीम असतो, त्यात सहसा जुळवाजुळव करता येत नाही, त्यामुळं मागचे टायर कसे झिजतात त्यावर लक्ष ठेवा. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरबद्दल विचाराल तर वस्तू चांगली, पण हिशेब तोच. उंची खाली घेतली आणि वरची जागा मोजली नाही तर महाग वस्तूनं तीच चूक होते.

स्प्रिंग कापणं. हे अजून चालतं, म्हणून बोलायला लागतंय. कामाचे पाच वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला की ती पंचवीस टक्के कडक होते, एवढं गणित बरोबर आहे, आणि तेच सांगून लोक कापून देतात. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आणि चाक खाली लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून बैठकीतून सरकू शकते. गॅसनं तापवून खाली बसवणं तर त्याहून वाईट. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. स्प्रिंगच्या पोलादाची सगळी करामत त्याला दिलेल्या पाण्यात असते. तापवून मग गरम तेलात बुडवायचं, परत ठरावीक तापमानाला आणायचं, वर बारीक छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घ्यायचा. त्यावर गॅसची ज्योत धरली की ती जागा मऊ पडते, शेजारची जागा ठिसूळ होते, आणि स्प्रिंग कधीतरी तिथंच तुटते. कधी, ते मात्र सांगता येत नाही.

कायद्याचंही थोडक्यात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमची २० मिमी खाली आलेली गाडी ताराराणी चौकात कुणी फूटपट्टी लावून मोजेल असं नाही. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मोजू शकतो. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा, तिचं उत्तर जपून ठेवा.

शेवटचा प्रश्न कागलहून आला होता आणि तो उलटा होता: “गाडी फार घासते, स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर घालून वर उचलू का?” हे रबर वेढ्यात बसवलं की तेवढा वेढा काम करायचा थांबतो. म्हणजे स्प्रिंग कापल्यासारखीच कडक होते, फक्त गाडी खाली न येता वर जाते. वरची जागा वाढते हे खरं, पण चाकाला खाली लोंबायला जी जागा लागते ती तेवढीच कमी होते. मग खड्ड्यात चाक पोचायच्या आधीच शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि टायर हवेत राहतो. त्या मित्राला मी एवढंच विचारलं की गाडी किती किलोमीटर झाली. एक लाख दहा हजार. मग बाबा, सपाट फरशीवर रिकामी गाडी लाव आणि चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेपनं मोज. मग तुझ्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी कुणाकडं असेल तर तिच्याशी ताडून बघ. एक सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंगच बसल्यात. रबर घालू नकोस, मूळ मापाच्या नवीन स्प्रिंग टाक. मोजून झालं की आकडे पाठव, पुढच्या भागात बघू.